मडकं कधी काढायचं

आमचे आण्णा फौजेतून पेन्शनीत आले तेव्हा ट्रंकेबरोबर त्यांनी पिंजऱ्यात लव्हबर्डची एक जोडी आणली. सांगलीजवळच्या आमच्या गावात असली पाखरं तोवर कुणी पाहिली नव्हती. आण्णांनी पिंजऱ्यात भोक पाडलेलं मडकं टांगलं, मादी त्यात अंडी घालू लागली, आणि बघता बघता अर्ध्या गावाच्या सोप्यात आमच्याकडची पिल्लं चिवचिवायला लागली. येणारीजाणारी प्रत्येक बाई मादीचं कौतुक करायची. नर दिवसभर गात बसायचा. मला तो कधीच आवडला नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शिक्षिका व्हायचा कोर्स करत होते आणि माझा पारा नेहमी चढलेला असायचा. मादीला पाचवं वर्ष लागलं होतं. तिची पिसं विरळ झाली होती. मडक्यातून बाहेर आली की ती डोळे मिटून बसायची. शेवटच्या खेपेला एकच पिल्लू जगलं.

"चार वर्सं झाली की मादीला पेन्शन द्यायची आसती," आण्णा म्हणाले. "मडकं काढलं की ती आपसूक थांबती. जवानाला पेन्शन हाय, मग हिला का नगं?"

मी लगेच मडकं काढायला उठले, तर आई आडवी आली. कारण माझी थोरली बहीण, आक्का. मेढ्याकडच्या सासरहून ती तिसऱ्या बाळंतपणाला आली होती. पहिल्या दोन मुली. दुसरीच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरांनी 'आता थांबा' म्हणून स्पष्ट बजावलं होतं. सासूला नातू हवा होता. त्यामुळे आक्का पुन्हा पांढरीफटक होऊन, सुजल्या पायांनी आमच्या दारात उभी.

"पोटुशी पोर घरात, आन तू घरटं मोडाया निघालीस?" आई म्हणाली. "ती बाळंत हुस्तवर मडक्याला कुनी हात लावायचा न्हाई."

"अगं, पण मादी मेली म्हंजे?"

"त्वांड आवर."

मला तीच भीती होती. मादी मडक्यात मेली असती तर आईने आणि आक्काने तिथेच हातपाय गाळले असते. आई रागावत नव्हती, घाबरली होती, हे मला दिसत होतं. पण त्याने माझा राग कमी होत नव्हता. सरहद्दीच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या आण्णांनी आईसमोर ब्रसुद्धा काढला नाही. मादी पुन्हा मडक्यात शिरली. घरात आम्ही सगळे हळू बोलायला लागलो.

एके दुपारी आक्काची हाक आली. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसली होती आणि तिची शेपटी श्वासागणिक वरखाली होत होती.

"आई, तिचं अंडं आडकलंय गं," आक्का म्हणाली आणि चौकट धरून तिथेच खाली बसली.

"बघ आता!" मी ओरडले.

बाळंतिणीला शेक द्यायला आणून ठेवलेली शेगडी आईने पेटवली, फडकं गरम केलं, मादीला त्यात घेतलं आणि बोटाने एरंडेलाचा थेंब लावला. गल्लीतल्या कितीतरी बायका तिने अवघड वेळी मोकळ्या केल्या होत्या. त्या दिवशी मात्र ती सारखी आक्काकडे बघत होती. पिंजऱ्यात नराचं गाणं चालूच होतं. आण्णा पिंजरा उचलून त्याला मागच्या परड्यात घेऊन गेले.

पाखराने जोर केला की आक्काचाही श्वास अडकायचा. मला दोघींकडेही बघवेना. आई फडकं पुन्हा पुन्हा गरम करत राहिली. अखेर अंडं आलं, मऊ सालीचं, फुटकं. मादी तशीच पडून राहिली. गेली, असंच मला वाटलं. मग आईने बोटावर पाण्याचा थेंब धरला आणि तिने चोच उघडली.

आक्का हमसून हमसून रडायला लागली. एका हातात पाखरू धरून आईने दुसऱ्या हाताने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि परड्याकडे बघून म्हणाली, "आवं, ते मडकं काढा आधी."

मादी वाचली.

पुढे काही दिवसांतच सांगलीच्या दवाखान्यात आक्का बाळंत झाली. पुन्हा मुलगी. रक्त द्यावं लागलं. आई तिच्या उशाशीच बसून होती. मी तेवढ्यात पन्नास नवस बोलले असेन.

बारशाला आक्काच्या सासूबाई आल्या. बाळाच्या अंगावर दुपटं घातलं, गालाला हात लावला आणि प्रेमानेच म्हणाल्या, "आसू द्या. फुडच्या टायमाला नातू व्हईल."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. आक्काने खाली घातलेली मान वर केली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई ओटीचं ताट खाली ठेवून उठली.

"इहीणबाई, फुडचा टाईम न्हाई," ती म्हणाली. "आपरेशन करूनच घरी आणलीया तिला. जावयाला सही कराया मीच लावली. राग काढायचा तर माझ्यावर काढा. माझी लेक दमलीया."