नववा इंटरव्ह्यू

माझी बायको हाफिजा अठरा वर्षं डॉक्टर आहे. सहा वर्षांपूर्वी मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधल्या एका मजुराला न तपासता, फोनवरच ऐकून तिने सिक लीव्ह लिहून दिली आणि लेखी ताकीद मिळवली. चुकली, मान्य. खलास! पण प्रत्येक अर्जात 'कधी कारवाई झाली आहे का?' असा रकाना असतो. ही इमानदारीने 'होय' लिहिते आणि नोकरी हातची जाते.

आज ऊद मेथातल्या एका क्लिनिकमध्ये नववा इंटरव्ह्यू झाला. मॅनेजरने फाइल परत सरकवली. "सॉरी डॉक्टर, आम्हाला रिस्क नको." लगेच मोबाइल पुढे केला. "आईचा ईसीजी आलाय, जरा बघता?"

मी दारातूनच ओरडलो, "यल्ला, चल!"

तर ही चष्मा पुसून पुन्हा खुर्चीत बसली आणि त्यालाच विचारते, "आईंना घाम येतोय का?"