बांगड्या दोनदा वाजल्या

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाही. काही सांगायचं झालं तर आडोशाला उभी राहून बांगड्या वाजवते, मग घरातली दुसरी बाई जाऊन विचारते. मी तिचा भासरा. चार बुकं शिकलेला, म्हणून घरातला शहाणाही मीच.

तिचे तळहात सोलून निघत होते. भाऊ घुग्घुसच्या खाणीत कामाला, माझी बायको धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, गेलेली. कुरखेड्याच्या दवाखान्यात कोण नेणार? डॉक्टर मोबाईलवर मिळतो हे मला ठाऊक होतं. तिला घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो, कारण रेंज तिथेच येते. ती दहा हात मागे, पदर ओढून पाठमोरी उभी राहिली.

डॉक्टरनं हातांचे फोटो पाहिले, तिचं तोंड नाही. पेशंट गरोदर आहे का, असं त्यानं विचारलं. फोन स्पीकरवर होता. मागे बांगड्या वाजल्या. थोड्या वेळानं पुन्हा वाजल्या. भावाच्या बायकोला असलं कसं विचारायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वळलोसुद्धा नाही. हळूच 'नाही' म्हणालो आणि त्यानं महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन शहाण्यांनी दोन मिनिटांत काम उरकलं.

गोळ्या पार्सलनं आल्या. खोक्यावर गरोदर बाईचं चित्र आणि त्यावर लाल फुली. असलं चित्र तिच्या हाती जायला नको म्हणून मी खोका चुलीत घातला आणि गोळ्या तेवढ्या बायकोकडून पाठवल्या.

तिला तेव्हा दुसरा महिना होता. तिसरा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं, म्हणून फक्त भावाला माहीत. बांगड्या वाजवल्या म्हणजे डॉक्टरला कळलंच असेल, असं धरून तिनं सगळ्या गोळ्या घेतल्या. हात छान बरे झाले. दिवस भरल्यावर बाळ झालं, एक दिवस जगलं. हे त्या गोळ्यांनीच झालं, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं. मी मोबाईलवरच्या डॉक्टरला फोन लावून वाट्टेल ते बोललो. त्यानं शांतपणे नोंद वाचून दाखवली: गरोदर नाही, नातेवाइकानं सांगितलं.

महिन्यानंतर मी ओसरीवर जाळं सांधत बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"म्या बांगड्या वाजवल्या होत्या. तुमाले आयकू आल्या नाई?"

आल्या होत्या. दोन्ही वेळा आल्या होत्या.

"नाई," मी म्हणालो.