उलट्या पायडलाने येऊर

मी सरळ बसवलेली एकही वस्तू आमच्या घरात सरळ चालत नाही. न्हाणीघरातला निळ्या खुणेचा नळ सोडला की गरम पाणी येतं. हॉलमधलं टीव्हीशेजारचं बटण सगळ्या जगाच्या उलट, वर केलं की चालू होतं. (पाहुण्यांना पाण्याच्या ग्लासाबरोबरच याची कल्पना देण्यात येते.) सुमेधा, म्हणजे माझी बायको, एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन बोलवू या असं बरीच वर्षं म्हणते आहे. घरात माणूस असताना बाहेरचा माणूस कशाला, असं मी विचारतो. घरात माणूस आहे म्हणूनच, असं ती सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खोपटच्या सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. जिन्याखाली धूळ खात पडलेल्या, वापरात नसलेल्या सायकली रविवारी दुपारपर्यंत हलवाव्यात, नाहीतर त्या भंगारवाल्याला देण्यात येतील. खाली सेक्रेटरी पाटणकरांची सही. जिन्याखाली एकूण नऊ सायकली होत्या. आठांच्या मालकांना परस्पर अडगळ जाते आहे याचा आनंदच झाला. नववी माझ्या वडिलांची होती.

काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची ती सायकल. खोपट ते कोलशेत, कोलशेत ते खोपट अशी अख्खी नोकरी बाबांनी तिच्यावर केली. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांनी त्यांना सायकलवरून खाली उतरवलं त्यालाही सहा वर्षं झाली. तरी दर रविवारी ते खाली जातात, तिला पुसतात, चाकांत हवा भरतात, तेल घालतात आणि वर येऊन पेपर वाचतात.  नोटीस लागली त्या दिवशी जेवताना त्यांनी एकच पोळी खाल्ली. मला ते बघवेना.

मी तडक पाटणकरांकडे गेलो. पाटणकर म्हणजे गिअरच्या सायकलवरून दर रविवारी येऊरचा डोंगर चढणारे आणि चढून आल्याचं बुधवारपर्यंत सांगणारे गृहस्थ. माणूस वाईट नाही, पण नियम म्हटला की त्यांच्या अंगात येतं. वापरात नाही ती भंगार, असा नियम त्यांनी मला शांतपणे समजावला. मग हसत म्हणाले, "काकांना सांगा, येऊर चढून दाखवा. मी स्वतः जिन्याखाली त्यांच्या नावाची पाटी लावतो."

घरी येऊन मी हे गंमत म्हणून सांगितलं. बाबांनी ते गंमत म्हणून ऐकलं नाही. पेपर खाली ठेवून म्हणाले, "चढतो म्हणावं त्याला."

आता आली का पंचाईत! ज्या माणसाला आमचे दोन मजले चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं, तो येऊर कसा चढणार? मीच तोंडाने आग लावून आलो होतो, तेव्हा विझवायची जबाबदारीही माझी होती. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की साध्या सायकलला मोटर बसवून मिळते, शहाडला एक दुकान आहे. मी गेलो. दुकानदाराने पुढचं मोटरचं चाक दिलं, बॅटरी दिली, वायरींचा एक गुंता दिला आणि लोखंडी खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "सायकल घेऊन या, अर्ध्या तासात बसवून देतो." मी त्याला नम्रपणे सांगितलं की घरी माणूस आहे.

शुक्रवारी मी रजा काढून जिन्याखाली बैठक मारली. चाक बसलं. बॅटरी कॅरिअरवर बसली. राहिली एक चुंबकांची चकती. ती पायडलाच्या दांड्यापाशी बसवायची. पायडल फिरलं की चकती फिरते, ती फिरली की मोटरला समजतं की साहेब निघाले, आता जोर लावा. सुमेधा चहा घेऊन खाली आली होती. ती चकती हातात घेऊन म्हणाली, "अरे, यावर बाण आहे. कुठल्या बाजूने बसवायची ते बघ."

मी म्हटलं, बाण म्हणजे कंपनीची खूण असते. आणि चकती घालण्यासाठी पायडलाच्या दांड्याची जी पिन काढली होती, ती हातोडीने अशी काही ठोकून बसवली की पुन्हा निघायची सोय ठेवली नाही. (मजबुती ही माझ्या कामाची खासियत आहे.)

शनिवारी संध्याकाळी खाली चाचणी ठेवली. बरीच मंडळी जमली, कारण मी काही बसवलं की आमच्या सोसायटीत लोक जमतातच. पाटणकरही आले आणि त्यांची गिअरची सायकल कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभे राहिले. मी बॅटरीचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. सीटवर बसून पायडल मारलं. सायकल चालली, पण माझ्या जोरावर. मोटर गप्प. दोन फेऱ्या झाल्या, मला घाम फुटला, मोटर गप्प ती गप्पच. नवीन बॅटरीला थोडं मुरावं लागतं, असं मी सर्वांना सांगितलं आणि खाली उतरलो.

ज्यांनी आयुष्यभर उंच सायकल चालवली आहे त्यांना एक सवय असते. स्वार होण्याआधी ते चवड्याने पायडल उलटं फिरवतात आणि हव्या त्या जागी आणून ठेवतात. बाबा पुढे झाले आणि त्यांनी नेमकं तेच केलं. हँडल माझ्या हातात होतं. बाबांनी त्या आठवड्यात इतकं तेल पाजलं होतं की पायडल उलटं गरगर फिरतच राहिलं. आणि मोटर जागी झाली! सायकल निघाली, हँडल धरलेला मी तिच्यामागे निघालो, आणि आम्ही दोघं सरळ पाटणकरांच्या सायकलवर जाऊन आदळलो. तिचा आरसा गेला. माझी एक चप्पल गटारात गेली. जमलेल्या लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बाण," सुमेधा एवढंच म्हणाली.

चकती काढून उलटी बसवली की काम झालं असतं. पण पिन निघेना. मी ठोकली, सुमेधाने ठोकली, वॉचमननेही ठोकून पाहिली. कोपऱ्यावरचा सायकलवाला गावी गेलेला, सोमवारी येणार होता. आणि भंगारवाला रविवारी. मला खरंच रडू यायला लागलं. बाबा मात्र सायकलकडे बघत उभे होते. त्यांनी पायडल पुन्हा एकदा उलटं फिरवलं, चाक फिरलं. थांबवलं, चाक थांबलं. "उलटं तर उलटं," ते म्हणाले. "जाते तर पुढेच ना?"

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पँटला खाली जुन्या क्लिपा लावून तयार. उपवन तलावापर्यंत रस्ता बरा आहे, तिथवर ते आपले सरळ पायडल मारत गेले. मी आणि सुमेधा स्कूटरवरून मागे. पाटणकर पुढे निघून गेले होते. येऊरचा चढ सुरू झाला, बाबांचा वेग मंदावला, हँडल डुगडुगलं, आणि मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि पाय उलटे फिरवायला सुरुवात केली.

ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. सायकल डोंगर चढते आहे आणि वर बसलेला माणूस ताठ बसून मागे जायचे पाय मारतो आहे! फिरायला आलेले लोक थांबून बघू लागले. नाक्यावरच्या चौकीदाराने न राहवून विचारलं, "आजोबा, पाय उलटे का मारताय?"

"वर जायचंय म्हणून," बाबा म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या वळणावर पाटणकर दिसले. हेल्मेट, काळा चष्मा, तोंड उघडं. बाबा त्यांच्या बाजूने निघून गेले. पाटणकरांनी आधी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि मग ते खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले. मी स्कूटरवरून हात केला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण शेवटच्या वळणाच्या अलीकडे बॅटरीचा दिवा हिरव्याचा लाल झाला आणि विझला. मोटर थांबली. सुमेधाने मागून माझ्या खांद्यावर बोट ठेवलं आणि बॅटरी चार्जिंगला कुठे लावली होती असं विचारलं. हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. बटण दाबलं होतं का? हो, चांगलं खालपर्यंत दाबलं होतं. जे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो ते मी स्वतः विसरलो होतो.

मी स्कूटर लावून धावलो. बाबा एक पाय टेकवून उभे होते. मी म्हटलं, बाबा, पुरे, इथवर आलो हेच खूप झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पायडल जागेवर आणलं, सीटवरून उठले आणि सरळ पायडल मारायला लागले. एक. मग दुसरं. गुडघ्याचा आवाज मला बाजूने ऐकू येत होता. मी कॅरिअरला हात लावला तर म्हणाले, "सोड."

मी सोडला. शेवटचं वळण बाबा स्वतःच्या पायांनी चढले. वर जाऊन त्यांनी सायकल स्टँडवर लावली, रुमालाने आधी सीट पुसली आणि मग स्वतःचा घाम. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी उगाच बॅटरीची वायर तपासल्यासारखं केलं.

दुपारी पाटणकरांनी खरंच जिन्याखाली बाबांच्या नावाची पाटी लावली. सोमवारी सायकलवाल्याने पिन काढून दिली आणि सुमेधाने बाण बघून चकती पाच मिनिटांत सरळ बसवली. पुढच्या रविवारी बाबा येऊरला जाऊन आले ते जरा हिरमुसलेच. सायकल झकास चालते म्हणाले, पण आता कुणी ढुंकून बघत नाही, चौकीदारसुद्धा. होती तशी उलटी करून द्या. सुमेधा पाना घेऊन उठली, तर बाबांनी तिला थांबवलं. "तू नको गं. तुझ्या हातून सरळच बसेल. ते काम त्याचं."

माझ्यावर असा विश्वास घरात प्रथमच कुणी दाखवला होता. मी अर्धा दिवस घेतला. बाण पाहिला, दोनदा पाहिला, मुद्दाम त्याच्या उलट बाजूने चकती बसवली आणि पिन अशी ठोकली की आता सायकलवालासुद्धा ती काढू शकत नाही. बाबांनी मोठ्या उत्साहाने पाय उलटे फिरवले. काही झालं नाही. मग सरळ फिरवले, आणि सायकल तुरुतुरु निघाली. बाण दोनदा पाहण्याच्या नादात मी चकती दोनदा उलटवली होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी बसवलेली वस्तू सरळ चालली आहे, आणि बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत.