नैवेद्याचं आहे, बाकी काही नाही

माझ्या हातचे मोदक फूड वेस्टच्या डब्यात गेले. कौन्सिलने दिलेला तो छोटा डबा, सिंकखाली ठेवतात तो. त्याची आई ताटातला एकेक मोदक उचलून त्यात सोडत होती आणि झाकण उघडून धरलं होतं त्याने. ज्याच्याशी मी लग्न करणार होते, त्याने. बाहेर हॉलमध्ये आरतीला आलेली माणसं. मी ओट्याला टेकून उभी. हाताला अजून उकडीचा वास येत होता.

"नैवेद्याचं आहे म्हणून गं, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. शिवी दिली असती तर परवडलं असतं. उलटून बोलता तरी आलं असतं.

नीट सांगते. लंडनजवळ ब्रॅकनेलला त्याचं घर. तो आयटीत. बायको कॅन्सरने गेली, मागे सात वर्षांची इरा. मी मूळची नागपूरची, लहानपणीच आईबाबांबरोबर लीड्सला आले. बाबा तिथे हॉस्पिटलात नर्स. इराला सांभाळेल, मराठी शिकवेल, घरातच राहील अशी कोणीतरी त्याला हवी होती. मी गेले. शेजारची म्हातारी बाई मला थट्टेने गव्हर्नेस म्हणायची. जुन्या गोष्टींत गव्हर्नेसचं शेवटी घरमालकाशीच लग्न होतं, जपून राहा, म्हणायची. मी त्याला सांगायचे, आणि आम्ही दोघं हसायचो. मग हसणं बंद झालं, कारण ते खरंच व्हायला लागलं.

खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी तो दोघांचा चहा करायचा, माझ्यात आलं जास्त. अहो-जाहो कधी गळून पडलं कळलंच नाही. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मी आधी माझं सगळं सांगून टाकलं. आम्ही बौद्ध. पणजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. बाबासाहेबांचं ऐकून आजोबांनी ते काम सोडलं, पोरांना शाळेत घातलं. तो म्हणाला, "मी असलं काही मानत नाही." केवढा आनंद झाला मला. आता कळतं, त्याला मानायची गरजच कधी पडली नव्हती. त्याच्या वाटचं घरातले बाकीचे मानत होते.

दर रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी "जय भीम बाबा" म्हणत उचलायचे. इरा माझ्या मांडीवर चढायची, हात जोडायची, "जय भीम आजोबा." तिला वाटलं, मोठी माणसं दिसली की मराठीत असंच म्हणतात. तो बाजूला बसून ऐकायचा आणि हसायचा. तेव्हा गोड वाटायचं त्याला ते.

मग गणपतीला त्याची आई पुण्याहून आली. आईला त्याने मी "इराची टीचर" एवढंच सांगितलं होतं. बाकीचं दिवाळीनंतर सांगू, म्हणाला. आईची बोटं संधिवाताने वाकलेली, म्हणून मोदकांचं काम त्याने मला सांगितलं. आमच्यात गणपती बसवत नाहीत. माझ्या आईला कळलं असतं तर तिने फोनवरच मला झापलं असतं. तरी त्याच्यासाठी शिकले. आठवडाभर व्हिडिओ बघून पारी फाटवत बसले होते. त्या दिवशी सकाळी त्याची आई ताट बघून म्हणाली, "कळ्या किती सुरेख पडल्यात गं. कोणी शिकवलं?" मी लाजले, अक्षरशः लाजले.

बेल वाजली. आरतीचे पहिले पाहुणे, त्याच्या ओळखीतले एक काका. इरा पळत दाराशी गेली, हात जोडून म्हणाली, "जय भीम काका."

काकांच्या हातातला बूट हातातच राहिला. आजीने विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" इराने कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं पूर्ण नाव काय गं?"

मी सांगितलं. पुढचं डब्याचं सांगितलंच आहे. नैवेद्याला वाटीत साखर ठेवली, आरती झाली, टाळ्याही वाजल्या.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. "आई थोडेच दिवस आहे. ऍडजस्ट कर ना प्लीज. लग्नानंतर माझंच आडनाव लागेल, मग कोण विचारतंय?"

अंगाची नुसती लाही होत होती, आणि हा माणूस मला तोडगा सांगत होता.

"आणि इराला तूच सांग, ते चुकून शिकवलं. आपल्यात तसं म्हणत नाहीत. तुझंच ऐकते ती."

इरा जिन्यावर बसली होती. सगळं ऐकत. "मी बॅड वर्ड बोलले का?" तिने मला विचारलं. डोळे भरलेले.

मोदक मी गिळले असते. आडनावाचंही, रडून-भांडून, कदाचित. पण हे? आजोबांनी ज्याच्यावर आयुष्य उभं केलं, ते या लेकराला मी माझ्या तोंडाने चूक म्हणून सांगायचं?

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. "नाही बाळा. मी शिकवलं ते बरोबर होतं. ज्यांचं नाव आपण घेतो ना, त्यांनी माझ्या आजोबांना मान वर करून चालायला शिकवलं."

"तिच्यासमोर नको," तो म्हणाला.

"तिच्यासमोरच," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी बॅग भरली. इराने माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती. तिची बोटं मला सोडवावी लागली. त्यासाठी मी त्याला माफ करणार नाही.

महिन्याने त्याचा मेसेज आला. "आई पुण्याला गेली. आता ये."

आता ये. म्हणजे कोणी बघत नसलं की मी चालते. मी एकच शब्द पाठवला. नाही.

आता लीड्सला मुलांना मराठी शिकवते, त्यांच्या घरी जाऊन. नवीन घर असलं की उंबऱ्यातच, कोट काढायच्या आधी, "जय भीम" म्हणते आणि पूर्ण नाव सांगते. ज्यांना चालत नाही त्यांनी तिथेच सांगावं. पुन्हा कोणाच्या स्वयंपाकघरात गेल्यावर मला ते कळायला नको.