विमानाचे जोडे आणि घासूमामा

घासूमामांचा अंगठा रेशनच्या मशीनला ओळखू यायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "मामा, पुसून लावा." मामा सदऱ्याला अंगठा पुसून पुन्हा टेकवायचे आणि मशीन पुन्हा नकार द्यायचं. मग उजवा, डावा, तर्जनी, करंगळी अशी सगळी बोटं फिरून व्हायची. तोवर मागची रांग गुरगुरायला लागलेली असे. शेवटी मामी पदर खोचून पुढे व्हायच्या, अंगठा लावायच्या आणि धान्य घेऊन निघायच्या. पंचवीस वर्षं फायबरवर पॉलिश पेपर घासून मामांच्या बोटांवरच्या रेघाच पुसल्या गेल्या होत्या. मशीनच्या लेखी हा माणूस कुणीच नव्हता. मला मात्र त्या गुळगुळीत अंगठ्याचा जळजळीत हेवा वाटायचा. माझ्या दहाही बोटांवरच्या रेघा तेव्हा शाबूत होत्या.

मंचरला हायवेच्या कडेला माझा फायबरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पण बोर्ड वीस फुटी आणि बोर्डावर माझा फोटो. पाण्याच्या टाक्या, गणपतीची मखरं, मंगल कार्यालयाचे खांब, रसवंतीपुढचा बैल, गिऱ्हाईक म्हणेल ते आम्ही करतो. बोलण्याचं खातं माझं होतं, घासण्याचं मामांचं. मूळचे ते डोंगराकडच्या मढ गावचे. शेती थोडी, डोंगरउताराची, म्हणून खाली उतरले, आधी दुसऱ्यांच्या कारखान्यांत घासलं आणि मग अकरा वर्षं माझ्याकडे राहिले. सगळे त्यांना घासूमामा म्हणत. ते सगळ्यांना भाऊ म्हणत आणि मला शेठ. हे 'शेठ' ते इतक्या सपाट आवाजात म्हणत, की त्यात मान किती आणि मस्करी किती हे मला कधी उमगलं नाही.

काम तपासताना मामा डोळे मिटून घ्यायचे. तळवा वरून खाली, मग खालून वर, सावकाश. मध्येच बोट थांबायचं आणि त्या जागी पेन्सिलीची फुली पडायची. मला तिथे काही म्हणजे काही दिसायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "डोळं खोटं बोलत्यात शेठ. रंग मारला की डोळं खूश. हाताला इचारा." मी गुपचूप हाताला विचारून पाहायचो. माझा हात माझ्याशी बोलायला तयार नव्हता.

अशात एक दिवस पिंपळवंडीचे साहेब आले. परदेशात इंजिनिअर होते, निवृत्त होऊन गावी परतले आणि रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधायला लागले. दोन माणसं बसतील एवढं, हलकं. अशा छोट्या विमानाची चाकं पोटात जात नाहीत, उडतानाही खाली लोंबत राहतात आणि वाऱ्याला अडवतात. म्हणून त्यांच्यावर थेंबाच्या आकाराचं फायबरचं कवच बसवतात. साहेब त्याला फेअरिंग म्हणायचे. आमच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी त्याचे जोडे झाले. "बाकीचं विमान मी करीन," साहेब म्हणाले, "हे दोन मला जमत नाहीत. तीनदा फसलोय."

मी त्यांना माझ्याच खुर्चीत बसवलं. माझ्या डोक्यात तोपर्यंत अख्खं विमान घिरट्या घालत होतं. आयुष्यभर टाक्या केल्या, पण टाकीकडे बघून ही कुणी केली असं कुणी विचारत नाही. विमानाकडे बघून विचारतात. ते जोडे माझे म्हणवून घ्यायचे, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसापासून हवी होती.

साहेबांना मात्र मामा हवे झाले. आधी मामा माझ्या गाडीवरून जायचे, मग साहेबांची गाडी त्यांना न्यायला यायला लागली. मी पिंपळवंडीला गेलो तर दोघं एकाच बाकावर, मध्ये चहा, आणि साहेब म्हणताहेत, "मामा, तुम्ही सांगा." मला बघून म्हणायचे, "या शेठ, बसा." ज्याच्याकडे काही काम नसतं त्यालाच माणसं बसा म्हणतात. मी बसायचो आणि माझ्याच कामगाराला साहेबांनी आपल्या हाताने चहा ओतलेला पाहायचो. तिथला चहा चांगला असायचा. मला तो कधी गोड लागला नाही.

चाक आणि कवच यांच्यामध्ये किती जागा ठेवायची, यावर साहेब आकडे मांडत होते. मामांनी डबा उघडला, नाचणीची भाकरी काढली, दुमडली आणि त्या फटीत घालून चाकाभोवती फिरवली. एका जागी अडली. "हितं माती बसंल," मामा म्हणाले. "आमच्याकडं पावसाळ्यात सायकलीचं मडगार्ड काढून ठेवत्यात. चिखूल भरला की चाकच फिरत न्हाई. भाकरी फिरली म्हंजे चिखूल बी भाईर पडंल." साहेबांनी आकडे खोडले आणि वहीत भाकरीची जाडी लिहून घेतली. मग मामांनी तीच भाकरी झटकून खाल्ली. घरी येऊन मी हे चेष्टेने सांगितलं तर आमची मंडळी म्हणाली, "हुशार आहेत हो मामा." एवढं कौतुक तिने माझ्या वीस फुटी बोर्डाचंही कधी केलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की आपण आपली जोडी करायची. मामा पिंपळवंडीला गेले की मी शेडचं दार आतून लावून घ्यायचो. साचा मी केला, थर मी दिले, घासलंही मीच, अर्थात कंटाळा येईपर्यंत. जे झाकायचं ते रंगाने झाकलं: लालभडक पाया, वर पिवळ्या ज्वाळा, आणि आरशासारखी चकाकी. पिकअपमध्ये गादीवर निजवून ती जोडी मी पिंपळवंडीला नेली आणि वरची चादर अशी ओढली, की मागे ढोलकी असती तर शोभलं असतं.  साहेबांनी कोंबड्या तोलायचा जुना काटा आणला. मामांचा एक जोडा कोवळ्या तलंगीइतका भरला. माझा एक, चांगला पोसलेला कोंबडा.

"वजनाचं बघू," मी म्हणालो, "आधी बसवून तर पाहा." आणि स्वतःच चाकाला लावून दाखवला, निमुळतं टोक पुढे करून. बाणाचं टोक पुढे असतं, भाल्याचं असतं, मग विमानाच्या जोड्याचं का नसावं? मामांनी त्या टोकावरून हात फिरवला.

"शेठ, मासा पाह्यलाय का कधी?"

"पाहिलाय की."

"डोकं जाड, शेपूट निमुळतं. शेपटाकडनं पोहणारा मासा मी तरी आजून पाह्यला न्हाई. तुमच्या मंचरला आसंल."

साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या रविवारी आमच्याकडे मासे होते. मी ताटावरून उठलो.

परवानग्यांचे कागद यायला पुष्कळ दिवस लागले. तोवर विमान साहेबांच्या शेतातल्या मुरमाच्या पट्टीवर नुसतं पळायचं आणि माघारी यायचं. शेवटी कागद आले. विमान सुटं करून दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर न्यायचं ठरलं. जोडे जाग्यावर बसवायला सोबत एक माणूस लागणार होता. साहेबांनी अर्थातच मामांना विचारलं. मामा म्हणाले, "आमची भातकापणी हाय."  ज्यासाठी मी रात्रंदिवस जळत होतो, ते या माणसाने भातासाठी सोडून दिलं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, तुमी जा. ओळंबा लावून सरळ बसवा, वाकडं बसलं तर इमान एकीकडं वढंल." ओळंबा त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिला.

मी गेलो. जोडे बसवले. विमान धावलं, हलकं झालं आणि उडालं. साहेब वर असताना धावपट्टीवरच्या एका वैमानिकाने मला जोड्यांबद्दल विचारलं, "वो व्हील पँट किसने बनाए? बहुत साफ काम है." शेजारी एका स्थानिक पेपरचा बातमीदार वही उघडून उभा होता. सांगायला मामांचं नाव होतं, पण तोंड माझं होतं. मी म्हणालो, "मैंने."

जोड्यांशेजारी उभा असलेला माझा फोटो पेपरात छापून आला. मी तो मोठा करून शेडमध्ये लावला आणि ओळखीच्या सगळ्यांना मोबाइलवर पाठवला. त्या कापणीनंतर मामा परत आले नाहीत. निरोप आला की आता गावीच राहणार. मी मंचरभर सांगितलं, वय झालं मामांचं.

पुढच्या उन्हाळ्यात, पेपरात वाचून, दुसऱ्या एका विमान बांधणाऱ्याचा फोन आला. अगदी तसेच जोडे हवे होते. मी मोठ्या थाटात हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मढच्या रस्त्याला लावली. मामा अंगणात घेवडा सोलत बसले होते. पाणी झालं, चहा झाला, भाताची चौकशी झाली. मग मी म्हणालो, "मामा, तेवढी एक जोडी करून द्या."

"फोटो पाह्यला," मामा म्हणाले. "सदरा लई चांगला व्हता."

त्यांनी पुढची शेंग उचलली.

"आन् तुमीच केले व्हते म्हनं. मंग आता बी तुमीच करा की."

आतून मामींच्या हसण्याचा आवाज आला. मी उठायला लागलो तेव्हा मामा तितक्याच सपाट आवाजात म्हणाले, "बसा. साचा आना हितं. मी सांगतो, तुमी घासा."

तो पावसाळाभर मी दर रविवारी मढला गेलो. मी पडवीत घासायचो आणि मामा शेंगा सोलायचे. झालं असं वाटलं की मी जोडा पुढे करायचो. मामा हात फिरवायचे, म्हणायचे "न्हाई", आणि परत शेंग उचलायचे. बोटं सोलवटली, पाठ धरली. आठव्या की नवव्या रविवारी ते "चालंल" म्हणाले, आणि मी मढपासून मंचरपर्यंत गाणी म्हणत आलो. तिथे भेटलेल्या पहिल्या माणसाला सांगून टाकलं, की ते पहिले जोडे मामांचे होते. फोटो उतरवला. हेवा उतरला का? छे. आता तर मला नेमकं कळत होतं, की या माणसाच्या हातात काय आहे आणि माझ्या हातात काय नाही.

गेल्या श्रावणात मामा गेले. साधा ताप आला, आणि चौथ्या दिवशी माणूस नाही.

आता साहेब दुसरं विमान बांधताहेत. परवा जोडे न्यायला आले, त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "अगदी मामांसारखे झालेत." मला बरं वाटायला हवं होतं. पण जिवंत माणसाचा हेवा करणं सोपं असतं, तो कधीतरी चुकतो. गेलेला माणूस चुकतच नाही. साहेबांनी विमानाची वही काढली. कोणता भाग कुणी केला ते त्यात लिहितात. मागच्या विमानाचं पान उघडलं गेलं आणि तिथे मामांचं पूर्ण नाव होतं. माझ्याकडे अकरा वर्षं राबलेल्या माणसाचं पूर्ण नाव मी तिथे पहिल्यांदा वाचलं.

साहेबांनी नवं पान काढलं. "जोडे करणाऱ्याचं नाव. तुमचं लिहू ना?"

मी जोडा जवळ ओढून त्यावर हात फिरवला. शेपटाच्या अलीकडे, डाव्या अंगाला, तळव्याखाली काहीतरी किंचित खोल गेलं. साहेबांच्या हाताला ते लागलं नव्हतं.

"आज नका लिहू साहेब. दोन दिवस थांबा."

"अहो, टेम्पो बाहेर उभा आहे."

"उभा राहू द्या," मी म्हणालो आणि पेन्सिलीने त्या जागी फुली मारली.