पार्किंगमधला माळढोक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. तीच तीन माणसं रोज त्याच बाकावर बसली की आपोआप साचतात, पंख्यावरच्या धुळीसारखे.

आमचा बाक दिंडोशीला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मी, मालवणचे परब आणि लातूरकडचे कांबळे. आधी रमी चालायची. पत्ते पार फाटले तेव्हा माझी नात अन्वी हिने तिचे दिले. त्यांवर राजा-राणी नाही, जंगली जनावरं, बरीचशी संपत चाललेली. जनावर खाली मांडलं की पॉइंट, आणि जितकं दुर्मिळ तितके जास्त. पण समोरच्याने वणवा, रस्ता, शिकार असा संकटाचा पत्ता टाकला की ते मेलं. हातात धरून बसलात तर मरत नाही, पण पॉइंटही नाहीत. मला वाचायला वेळ लागतो, चित्रं मात्र लगेच कळतात.

*

पहिल्याच दिवशी परबांनी हत्ती फेकून दिला. रमीची सवय, मोठं पान आधी काढायचं. अन्वी कळवळली. टाकलेला हत्ती परत येत नाही, आजोबा, म्हणाली.

परब म्हणाले, "एवढो मोठो जीव, हातात किती येळ धरू?"

*

बिबट्याला पॉइंट फक्त तीन. यावरून परब दोन दिवस धुसफुसत होते. ज्याच्या भीतीने आपलं मागचं गेट दिवेलागणीलाच बंद होतं, त्याला तीनच?

कांबळे पत्ते लावता लावता म्हणाले, "अहो, तो भिंतीपलीकडच्या जंगलातच राहतो. शेजाऱ्याला कोण मान देतो?"

*

एकदा कांबळ्यांना गिधाड आलं. परबांनी चहाचा कप लांब सरकवला, असलं पाखरू खाण्यापिण्याजवळ नको म्हणून. कांबळे हसले. त्यांच्या लहानपणी वस्तीमागची बाभळ गिधाडांनी भरून जायची, फांद्या वाकायच्या. मी विचारलं, शेवटचं कधी बघितलंत? त्यांनी गिधाड खाली मांडलं.

"शेवटचं आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं?"

त्या डावात परबांच्या हातात शिकार होती, वणवाही होता. गिधाडावर त्यांनी काहीच टाकलं नाही. डाव हरले, आणि थंड झालेला चहा प्यायले.

*

माळढोक हा सगळ्यांत मोठा पत्ता. अन्वीला तो किती अदलाबदली करून मिळाला होता, तिच्या शाळेत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. रविवारी अंधेरीला स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला खरा माळढोक बघायला नेणार होते. पोरगी महिनाभर तेच बोलत होती.

शनिवारी संध्याकाळी पत्ते लावले, तर माळढोक नाही.

ती रडली नाही. एकेका गाडीखाली वाकून बघत राहिली. कांबळ्यांनी बॅटरी आणली, आम्ही बाक उलटा केला. परब तेवढे कठड्यावर बसून होते. मग त्यांनी खिशातून पासाचं पाकीट काढलं. आत, त्यांच्या फोटोमागे, माळढोक.

"रोज खेळात इलो की मरता," परब म्हणाले. "म्हणान घराक नेलंय."

अन्वीने पत्ता घेतला, बाहीला पुसला. रागावली नाही. परबांनी हळूच विचारलं, उद्या मांडणार का याला? ती म्हणाली, "मांडल्याशिवाय जिंकणार कशी, आजोबा?"

*

रविवारी आम्ही तिघंही तिच्याबरोबर गेलो. पोरगी शेवटच्या डावापर्यंत पोचली. मी मागेच उभा होतो, मला तिचे पत्ते दिसत होते. हातात दोनच उरलेले, चिंकारा आणि माळढोक. माळढोक मांडला आणि वाचला की जिंकली. समोरच्या मुलाकडे एक पत्ता, पालथा.

अन्वीने त्या पालथ्या पत्त्याकडे बघितलं. मग भिंतीशी बसलेल्या परबांकडे. आणि चिंकारा मांडला.

डाव गेला. मुलाने पत्ता उघडला, तर साधा ससा. संकट नव्हतंच.

बाहेर आल्यावर कांबळ्यांना राहवेना. अगं, मांडला का नाहीस, म्हणून दोनदा विचारलं. ती रिक्षा मिळेपर्यंत उभी राहिली, माळढोक मुठीत धरून. मग परबांच्या बाजूला गेली.

"आजोबा, पासाचं पाकीट आणलंय ना?"