सिस्टरबाईंचं स्टूल

सिस्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. बाई म्हणाल्या, "घड्याळ बघण्यातच जन्म गेला, आता ते नको. ते स्टूल द्या."

बाळंतपणाच्या खोलीतलं ते डुगडुगणारं लाकडी स्टूल आता त्यांच्या स्वयंपाकघरात असतं. दुपारी चहा घेऊन त्यावर टेकलं की बाईंना ते दिवस आठवतात. बाळ झालं की सगळे बाळामागे धावायचे. बाई मात्र स्टूल ओढून बाळंतिणीजवळ बसायच्या, तळहात तिच्या पोटावर. गर्भपिशवी हाताला घट्ट लागली की बरं. मऊ पडली तर रक्त वाहू लागतं, तेही गुपचूप. पूर्ण एक तास बाई जागच्या हलत नसत. आयाबाई म्हणायची, "यांना स्टुलाला खिळे ठोकलेत."

ही खोड ठेच लागून जडली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाळाचं वजन बघायला त्या वळल्या, पाच मिनिटं रमल्या. परतल्या तेव्हा चादरीखालची गादी भिजली होती. ती बाळंतीण वाचली नाही. तिचा चेहरा त्यांना अजून दिसतो.

पुढे त्यांच्या लेकीच्याच बाळंतपणाची वेळ आली. मुलगी झाली. आयाबाई दुपटं घेऊन आली, "आजीबाई, घ्या की नातीला."

घ्यावंसं वाटलं, फार वाटलं. पण बाईंनी मानही वळवली नाही. "नंतर," म्हणाल्या. आणि तेवढ्यात हाताखालची पिशवी सैल मळलेल्या कणकेसारखी झाली.

"डॉक्टरांना बोलवा. सलाईन लावा, दुसरं इंजेक्शन भरा."

लेक पांढरीफटक पडली होती. बाई पोट चोळत राहिल्या. मनगट भरून आलं तरी थांबल्या नाहीत. डॉक्टर आले, इंजेक्शन लागू पडलं, पिशवी हळूहळू आवळली, रक्त ओसरलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि तास पुन्हा पहिल्यापासून धरला.

नात आता कॉलेजात जाते. तिची तक्रार जुनीच आहे. "आजी, मी जन्मले तेव्हा तू माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं," बाई कबूल करतात.

एवढ्यात बाहेरच्या खोलीतून लेकीची हाक येते, "आई, चहा संपला का? ये की इकडे."

रोजचीच हाक. ऐकू आली तरी बाई ओ देत नाहीत, तिने पुन्हा एकदा हाक मारावी म्हणून.